मालकाचं म्हणणं खरं ठरलं

3 फेब्रुवारी, एडिसन, न्यू जर्सी

लेकीला अकरावीच्या इंग्रजीच्या वर्गात फ्रेडरिक डग्लसचं आत्मकथन लागलंय, 1845 सालचं. पुस्तक शाळेचं, त्यामुळे समासात लिहायची सोय नाही; पिवळ्या चिकट चिठ्ठ्यांनी ते असं फुगलंय की मिटत नाही. रात्री आवराआवर झाल्यावर मीच वाचत बसले.

गुलामाला स्वतःची जन्मतारीख ठाऊक नसते, इथून सुरुवात. बाल्टिमोरला मालकीण त्याला मुळाक्षरं शिकवायला लागते. नवरा ते बंद पाडतो: शिकला की हा आपल्या कामाचा राहणार नाही आणि स्वतःही सुखी होणार नाही. मग पोरगा घरातला पाव घेऊन बाहेर पडतो, गल्लीतल्या उपाशी गोऱ्या पोरांना तो देतो आणि त्यांच्याकडून वाचायला शिकतो. जहाजाच्या कारखान्यात सुतार तासलेल्या लाकडांवर अक्षरं घालून ठेवत, कुठलं लाकूड कुठल्या बाजूला बसवायचं ते कळावं म्हणून. ती बघून याने पहिली चार अक्षरं गिरवली.

9 फेब्रुवारी

निबंधाचा कच्चा खर्डा परत आला. ‘शिक्षणाने माणूस मुक्त होतो’ असं तिने पहिल्याच ओळीत ठोकून दिलं होतं. आमच्या वेळी अशा वाक्याला ‘छान’ मिळायचं, आणि ते बहुतेक गाईडमधूनच आलेलं असायचं. इथे शेजारी नुसतं ‘कशावरून?’, आणि खाली ‘सातवं प्रकरण पुन्हा वाच.’

लेक धुसफुसली, “आई, अगं सगळे हेच लिहितात!”

सातव्या प्रकरणात डग्लसला वाचता यायला लागतं आणि कधीकधी वाटतं, हे वरदान नव्हे, शाप आहे. आपली दशा कळली. सुटायची वाट दिसत नाही. अडाणी सोबत्यांचा त्याला हेवा वाटतो. मालकाने वर्तवलं होतं, अगदी तसंच. पळून जायला पुढे 1838 उजाडलं.

10 फेब्रुवारी

नवी पहिली ओळ: मालकाचं म्हणणं खरं ठरलं. दुःखी होईल म्हणाला, झाला. कामाचा राहणार नाही म्हणाला, राहिला नाही. शिक्षणाची खरी ताकद मालकालाच आधी कळली होती, असं पुढे मांडलंय. हे कुठल्या गाईडात सापडायचं नाही.

15 फेब्रुवारी

कपाटातून ‘गुलामगिरी’ काढून दिलं. जोतिरावांनी 1873 मध्ये ते अमेरिकेतल्या लोकांना अर्पण केलं, त्यांनी काळ्या गुलामांना दास्यातून सोडवलं म्हणून. इथे गुलामी घटनेने संपली 1865 मध्ये. म्हणजे आठच वर्षांत पुण्याहून दाद गेली. वर्गात कुणालाच हे माहीत नव्हतं. (एडिसनमधल्या मराठी घरांतही किती जणांना असेल, देव जाणे.)

“फुल्यांनी डग्लस वाचलेला का गं?”

“टॉमस पेनचं ‘राइट्स ऑफ मॅन’ वाचलं होतं, तेवढं पक्कं.”

“मग निबंधात पेनच घालते.”

पुस्तक जोतिराव आणि धोंडिबा यांच्या संवादात आहे, याचं तिला अप्रूप. त्यांच्याही वर्गात खुर्च्या गोल मांडून चर्चा होते. बाई बाहेर बसून टिपणं घेतात आणि पान क्रमांक न सांगता बोललं तर गुण जातात. तिची तक्रार एकच: धोंडिबाला सगळं फार लवकर पटतं. मला ती मान्य आहे. माझ्या सासऱ्यांना फोनवर सांगितली तर ते चिडले.

22 फेब्रुवारी

रविवारची मराठी शाळा. बिरबलाची खिचडी शिकवताना मीही तेच सुरू केलं. बादशहाने बक्षीस नाकारलं ते चूक, असं सगळी म्हणाली. कशावरून? मागच्या बाकावरच्या एकाने बादशहाची बाजू घेतली: “पाण्यात उभं राहताना दिव्याकडे बघितलं तर चालेल, असं आधी कुठे ठरलं होतं?” गोष्ट पुन्हा वाचली. खरंच नव्हतं. दुसरीने हात वर केला, “बघायचं नाही, असंही नव्हतं ठरलं!” मग जी जुंपली, त्यात विभक्तीचा तक्ता राहून गेला. तो आता पुढच्या रविवारी.