रंग न दिसणारी मैत्रीण

संपादकांनी विषय सुचवला, 'मैत्रीला रंग नसतो'. दिवाळीला शोभेलसा. पण मी पडले सामाजिक मानसशास्त्राची. न्यू जर्सीतल्या निवृत्तांच्या वसाहतींना सल्ले देण्यात माझी नोकरी सरत आली. आणि मैत्रीत रंग विसरावा की लक्षात ठेवावा, यावर आमच्या शास्त्रात चाळीस वर्षं भांडण चालू आहे.

आधी एक खुलासा, कारण भारतातून दर फोनवर विचारतात. ही वसाहत म्हणजे वृद्धाश्रम नव्हे. पंचावन्नच्या पुढच्यांनी हौसेनं घेतलेली घरं, क्लबहाउस, कुठे सामायिक भोजनगृह. १९६० साली ॲरिझोनात सन सिटी उघडली आणि हा धंदा फोफावला. वंशावरून घर नाकारणं १९६८च्या कायद्यानं बंद केलं. तरी अनेक ठिकाणी चित्र असं, की टेबलाशी बसलेले गोरे आणि वाढणारे कृष्णवर्णीय किंवा लॅटिनो.

अशाच एका भोजनगृहात दोन मैत्रिणी. एक गोरी, निवृत्त शिक्षिका. दुसरी कृष्णवर्णीय, निवृत्त नर्स. ब्रिजमधल्या जोडीदारणी. एका दुपारी नव्यानं राहायला आलेल्या गृहस्थांनी नर्सबाईंना कॉफी आणायला सांगितलं. शिक्षिकाबाई हसल्या, "मनावर घेऊ नकोस" म्हणाल्या. नर्सबाईंनी दुसऱ्या दिवसापासून टेबल बदललं. शिक्षिकाबाई माझ्याकडे रडवेल्या होऊन आल्या: "मला तर तिचा रंग दिसतसुद्धा नाही!" नर्सबाईंचं उत्तर एवढंच, "म्हणूनच तिला ती कॉफीही दिसली नाही."

आता थोडं शास्त्र. गॉर्डन ऑलपोर्टनं १९५४मध्ये मांडलं, की माणसं एकत्र आली तर पूर्वग्रह घटतात. पण दर्जा समान हवा, ध्येय एक हवं, सहकार्य हवं आणि वरच्यांचा पाठिंबा हवा. त्याच्या आधी, १९५१मध्ये, डॉइच आणि कॉलिन्स यांनी सरकारी चाळी तपासल्या होत्या. न्यूयॉर्कमध्ये घरं वंश न बघता दिलेली, नेवार्कमध्ये इमारती वेगळ्या. न्यूयॉर्कच्या गोऱ्या गृहिणींची मतं जास्त मवाळ निघाली. पुढे २००६मध्ये पेटिग्रू आणि ट्रॉप यांनी ५१५ अभ्यास एकत्र केले. सहसंबंध उणे ०.२१च्या आसपास. (आकडा सोडून द्या, पण सांगितल्याशिवाय मला राहवत नाही.) परिणाम आहे, चमत्कार नाही.

खरं भांडण पुढेच आहे. ब्रूअर आणि मिलर १९८४मध्ये म्हणाले, गट विसरा, माणूस म्हणून भेटा. दोनच वर्षांनी ह्यूस्टोन आणि ब्राउन यांनी हरकत घेतली: गट विसरलात तर चांगुलपणा त्या एका माणसाच्या खात्यावर जमा होतो, बाकीच्यांबद्दलचं मत जागच्या जागी राहतं. पेटिग्रूनं १९९८मध्ये तडजोड सुचवली, आधी माणूस, मग गट. माझा कौल ह्यूस्टोन-ब्राउनकडे. शिक्षिकाबाईंची मैत्री खोटी नव्हती. पण 'ही वेगळी' असा कप्पा करून त्यांनी ती जपली होती. "तुमच्याकडे बघून वाटत नाही हो" हे वाक्य महाराष्ट्रात जातीवरून ज्यांना ऐकावं लागलंय, त्यांना हे समजवायला नको.

"म्हातारी माणसं, आता काय बदलणार?" या प्रश्नानं मात्र माझं डोकं फिरतं. गोऱ्या-काळ्यांचा विवाह १९५८मध्ये गॅलपच्या पाहणीत ४ टक्क्यांना मान्य होता, २०२१मध्ये ९४ टक्क्यांना. पन्नाशीपुढच्यांतही नव्वदच्या वर. म्हणजे बदललेली माणसं याच टेबलांवर बसलेली आहेत. मुलाखतीत सगळेच पुरोगामी, हेही खरं. कॉफी कुणाला सांगायची ते हात आपोआप ठरवतो, आणि ते कुठल्याच पाहणीत येत नाही.

व्यवस्थापनानं उपाय काढला: कर्मचाऱ्यांना ठळक निळा गणवेश, म्हणजे गोंधळ नको. माझ्या अहवालात मी विरोध लिहिला. गणवेशानं रहिवाशांची चूक टळेल, पण तिची किंमत वाढप्यांनी का मोजायची? त्यापेक्षा वसाहतीच्या समितीवर, ब्रिजच्या स्पर्धेच्या आयोजनात नर्सबाईंसारख्यांना आणा. ऑलपोर्टची 'समान दर्जा' ही अट तिथे पुरी होते. समितीनं अहवाल वाचला आणि गणवेश मागवले. दोघी गुरुवारी ब्रिज खेळतात, जेवायला वेगळ्या बसतात.

आमच्या मराठी मंडळात हे सांगितलं तर मान डोलावतात आणि लगेच फ्लोरिडातल्या 'शांतिनिकेतन'ची चौकशी करतात. भारतीयांची वसाहत, भारतीय जेवण. मला राग येतो, आणि कळतंही. पंचाहत्तरीत रोज कोणाला पास्ता खायचाय? आमच्या घरीही माहितीपत्रक आलंय. जेवणाचा भाग मी नीट वाचून काढला.