शहाबादी फरशी आणि बारा खांबांचा समुद्र

आमच्या बिदर जिल्ह्यातून कोणत्याही दिशेला गाडी हाकली तरी समुद्र गाठायला अख्खा दिवस मोडतो. त्यामुळे आमच्याकडच्या माणसाला समुद्र म्हणजे एकदा गोव्याला जाऊन फोटो काढून यायची वस्तू. अशा मुलखातल्या दोन निवृत्त माणसांनी ऑस्ट्रेलियाच्या किनाऱ्यावर सहा दिवस चाकांवरच्या घरात राहायचे, हे खूळ आमच्या लेकीचे. ती मेलबर्नला असते. गेल्या मार्चमध्ये आम्ही तिच्याकडे गेलो, तर तिने आमच्यासाठी कॅम्परव्हॅन ठरवूनच ठेवली होती. "तुम्ही दोघंच जा. आम्ही नाही येणार," असे तिने बजावले. तिच्या मनात काय होते ते मला नंतर कळले.

आधी आमच्याविषयी सांगते. माझे माहेर उदगीर. १९५६ पर्यंत ते बिदर जिल्ह्यातच होते, म्हणून मी स्वतःला अजून पलीकडची मानत नाही. सासर शहाबाद, घरात सगळे कन्नड. हे बँकेत, मी भालकीला मराठी शाळेत शिक्षिका. लग्न १९८९ सालचे. यांच्या बदल्या होत राहिल्या, माझी शाळा सुटली नाही. आज रायचूर, उद्या बळ्ळारी, मग कारवार. हे दोन-तीन आठवड्यांतून एकदा घरी यायचे, कपड्यांची पिशवी रिकामी करायचे आणि भरून परत निघायचे. लग्नाच्या हिशेबात वर्षे पुष्कळ झाली, पण एका छपराखालची मोजली तर दहा-अकरा भरतील. निवृत्तीनंतर हे कायमचे घरी आले, तेव्हा घरात पाहुणा आल्यासारखेच वाटले. हे टीव्हीसमोर, मी भजनी मंडळात. भांडण नव्हते, पण बोलणेही नव्हते.

कॅम्परव्हॅन म्हणजे आपल्या टेम्पो ट्रॅव्हलरएवढी गाडी. आत दोन शेगड्यांचा गॅस, छोटा फ्रीज, बेसिन आणि दिवसा बाकडे, रात्री पलंग होणारी जागा. गाडीखाली दोन टाक्या असतात, एक चांगल्या पाण्याची, दुसरी सांडपाण्याची. सांडपाणी वाटेत कुठेही सोडायचे नाही, ठरलेल्या ठिकाणीच रिकामे करायचे. रात्री कॅराव्हॅन पार्कमध्ये जागा घ्यायची आणि खांबाच्या विजेला गाडीची वायर जोडायची. रस्त्याच्या कडेला किंवा किनाऱ्यावर गाडी लावून झोपायला तिथे मनाई आहे. ऑस्ट्रेलियात वाहने आपल्यासारखीच डाव्या बाजूने चालतात आणि आपला वाहन परवाना इंग्रजीत असतो, त्यामुळे यांना चालवायला अडचण आली नाही.

आमचा रस्ता होता ग्रेट ओशन रोड. टॉर्की गावापासून ॲलन्सफर्डपर्यंत सुमारे २४० किलोमीटर. मेलबर्नकडून निघाले की समुद्र सतत डाव्या हाताला राहतो, म्हणजे अगदी माझ्या खिडकीला. पहिल्या महायुद्धातून परतलेल्या सैनिकांनी कुदळ-फावड्याने डोंगर फोडून हा रस्ता केला. काम १९१९ ला सुरू झाले आणि १९३२ ला पुरे झाले. युद्धात मेलेल्या सोबत्यांचे हे स्मारक. ईस्टर्न व्ह्यूला लाकडी कमान आहे, तिच्याजवळ रस्ता खोदणाऱ्या सैनिकांचा पुतळा आहे. आम्ही तिथे उतरलो. १९१५ साली गॅलिपोलीत हे ऑस्ट्रेलियन जवान लढत होते तेव्हा त्यांच्याबरोबर हिंदी पलटणी होत्या, खेचरगाड्यांवरून दारूगोळा पोचवणारे आपले लोकही होते. हे मी शाळेत कधी शिकवले नव्हते, कारण आमच्या पुस्तकात ते नव्हते.

पहिले दोन दिवस फार चांगले गेले असे म्हणणार नाही. वळणावळणाचा रस्ता, मागे गाड्यांची रांग. हळू चालणाऱ्यांनी बाजूला थांबून इतरांना जाऊ द्यावे म्हणून तिथे जागोजागी रुंद जागा ठेवल्या आहेत. मी म्हणायची, "अहो, बाजूला घ्या," आणि यांना ते सूचना दिल्यासारखे वाटायचे. दुसऱ्या दिवशी अपोलो बे येथे मी भांडी घासताना टाकीतले पाणी संपवले. मला वाटले, आता बोलणी खावी लागणार. पण हे काही बोलले नाहीत. त्यांनी पिण्याच्या बाटलीतून तांब्याभर पाणी घेतले आणि उरलेली सगळी भांडी तेवढ्यात लख्ख धुऊन काढली. आधी कागदाने पुसायची, मग साबणाचा बोळा, मग वरून धार. मी बघतच राहिले.

"हे कुठे शिकलात?"

"रायचूरला. खोलीवर एक दिवसाआड दोन बादल्या पाणी यायचं."

सकाळी त्यांनी उप्पीटही केले, आणि माझ्यापेक्षा मोकळे झाले. इतकी वर्षे हा माणूस खोलीवर काय खातो, कसा राहतो, हे मी विचारलेच नव्हते. माझी समजूत अशी की हे तिकडे सुटे आहेत आणि संसार एकटी मी ओढते आहे.

चौथ्या दिवशी 'ट्वेल्व्ह अपॉस्टल्स' पाहिले. समुद्रात उभे असलेले पिवळसर दगडाचे प्रचंड सुळके. नाव बारा शिष्यांचे, पण बारा ते कधीच नव्हते. २००५ च्या जुलैत एक कोसळला आणि आता आठ उरले आहेत. जवळच लंडन ब्रिज नावाची दगडी कमान होती. १९९० च्या जानेवारीत तिचा जमिनीकडचा भाग पडला आणि पुढच्या टोकावर दोन पर्यटक अडकले. त्यांना हेलिकॉप्टरने उतरवावे लागले.

सगळे फोटो काढत होते आणि हे कठड्याला टेकून त्या कड्यांच्या थरांकडे बघत होते. म्हणाले, "अगं, हा आपलाच दगड आहे. चुनखडी." शहाबादचा माणूस, दगड पाहिला की ओळखणारच. ज्या शहाबादी फरशीवर आपण पाट मांडतो, तीही चुनखडीच, समुद्राच्या तळाशी थरावर थर साचून झालेली. फरक वयाचा. इथला दगड दीड-दोन कोटी वर्षांचा, मऊ, म्हणून लाटा त्याला खातात. आपला पन्नास कोटी वर्षांहून जुना, घट्ट. म्हणजे भीमेच्या खोऱ्यात, जिथे आज तूर डोलते, तिथे एके काळी समुद्र होता. "आपण समुद्राच्या तळाशी संसार केला म्हणायचा," मी म्हणाले. हे पुष्कळ दिवसांनी मोठ्याने हसले.

त्या रात्री पोर्ट कॅम्पबेलला मुक्काम होता. मध्यरात्रीनंतर वारा सुटला. गाडी हलू लागली, कपाटातले कप एकमेकांवर वाजू लागले. मी दचकून उठले आणि दार उघडायला धावले. हातपाय थरथरत होते. यांनी मला धरले आणि म्हणाले, "हेदरब्याड. गाळी अदा." घाबरू नको, वारा आहे.

आणि माझा बांध फुटला. ३० सप्टेंबर १९९३ ची पहाट आठवली. गणपती विसर्जनाची रात्र सरत होती आणि किल्लारीच्या भूकंपाने आमचे भालकीचे भाड्याचे घर हादरले. फडताळातली भांडी अशीच वाजली होती. दोन वर्षांच्या लेकीला कडेवर घेऊन मी अंधारात रस्त्यावर उभी होते. हे कारवारला. फोन लागत नव्हता. हे पोचले ते दोन दिवसांनी. आले, घराच्या भेगा पाहिल्या, घरमालकाशी बोलले आणि रजा संपली म्हणून परतले. पुढे कित्येक वर्षे मी दिवा लावून झोपत होते. मी म्हणाले, "हा शब्द मला त्या दिवशी हवा होता हो."

हे बराच वेळ गप्प होते. मग त्यांनी सांगितले ते मला ठाऊक नव्हते. कारवारला सकाळी रेडिओवर बातमी कळली तशी मिळेल त्या एसटीने, ट्रकने ते निघाले होते. वाटेत लोक गावेच्या गावे गेल्याचे सांगत होते. आपल्या घरात कोणी उरले नसेल असे धरूनच ते भालकीत उतरले. आम्हाला रस्त्यावर चूल मांडलेली पाहिली आणि तोंडून शब्दच फुटला नाही. "नंतर विचारायची लाज वाटली," म्हणाले. "मी नव्हतो ना."

सकाळपर्यंत आम्ही बोलत बसलो. चहा दोनदा झाला. सगळे मिटले असे नाही. एकतीस वर्षांचे मौन एका रात्रीत कसे मिटेल? पण परतीच्या वाटेवर "बाजूला घ्या" म्हटले की हे निमूट बाजूला घ्यायचे.

कोणाला जायचे असेल तर थोडे सांगते. सुट्टीच्या दिवसांत जागा आधी ठरवा. ताजी फळे, भाजी, बियाणे इथून नेऊ नका आणि खाण्याचे जे नेाल ते विमानतळावरच्या अर्जात लिहून द्या. ज्वारीचे पीठ मेलबर्नच्या भारतीय दुकानात मिळते, पण रोट्टीचा धूर गाडीत कोंडतो, खिडकी उघडी ठेवा. आणि पाणी तांब्याने वापरा.

येत्या दिवाळीनंतर आम्ही कारवारला जाणार आहोत, आपल्या साध्या गाडीने. हे तीन वर्षे जिथे राहिले ती खोली मी अजून पाहिलेली नाही. ती समुद्राजवळ आहे म्हणे.