न मोडणारे भाग

होडीच्या मागच्या फळीला अडकवायच्या मोटारीला मराठीत स्वतःचे नाव रुळलेले नाही. आपण तिला आउटबोर्डच म्हणतो. नॉर्वेत जन्मलेल्या ओले एव्हिन्रूडने १९०९ साली मिलवॉकीत अशा मोटारी विकायला काढल्या. त्याच विस्कॉन्सिन राज्यातल्या एका तळ्यावर माझी १९८४ सालची, ९.९ अश्वशक्तीची जॉन्सन चालते.

तिचे साल पाटीवर आकड्यांत लिहिलेले नाही. १९८० पासून कारखान्याने ‘इंट्रोड्यूसेस’ या इंग्रजी शब्दाच्या दहा अक्षरांना एकपासून नऊपर्यंत आणि शेवटी शून्य असे अंक दिले होते. त्यात सी म्हणजे आठ, आर म्हणजे चार. ही दोन अक्षरे वाचता आल्यावाचून भागांचा शोध सुरूच होत नाही. विक्रेत्याला वर्णन नको असते, क्रमांक हवा असतो.

जॉन्सन आणि एव्हिन्रूड ही एकाच कंपनीची दोन नावे; भाग बहुतांशी समान. ती कंपनी डिसेंबर २००० मध्ये दिवाळखोरीत गेली, २००१ साली बॉम्बार्डियरने ही दोन्ही नावे घेतली, पुढे जॉन्सन हे नाव मोटारींवरून गेले आणि २०२० साली एव्हिन्रूडचे उत्पादनही थांबले. एवढ्या पडझडीनंतर सुटे भाग मिळणार नाहीत, असे कोणालाही वाटेल.

प्रत्यक्षात थंड पाणी वर खेचणारा रबरी इंपेलर सहज मिळतो. त्याची पाती वाकून कडक होतात, पाण्यावाचून काही क्षण फिरला तरी तो झिजतो. म्हणून तो दर एक-दोन हंगामांनी बदलावाच लागतो. जे वारंवार मरते त्याला गिऱ्हाईक असते, आणि गिऱ्हाईक असते तोवर मूळ कारखाना बुडाला तरी दुसरा कोणीतरी ते घडवतो. स्पार्क प्लग, गॅस्केट, कार्ब्युरेटरचे संच यांचेही तसेच.

अडचण येते ती जन्मभर टिकावे म्हणून ओतलेल्या भागांची. माझ्या मोटारीला होडीशी जखडणाऱ्या अॅल्युमिनियमच्या ब्रॅकेटला तडा गेला. तो सहसा मोडत नाही, म्हणून त्याचे साठे नाहीत आणि नवा कोणी ओतत नाही. असा भाग मिळतो तो दुसऱ्या मोटारीच्या अंगावरूनच. जुन्या मोटारी खोलून विकणाऱ्या एका माणसाकडे त्याच बनावटीची एक होती. गोड्या पाण्यात वापरलेली, त्यामुळे बोल्ट गंजून जखडलेले नव्हते. दोरी ओढताच ती सुरूही झाली. तरी तो ती खोलणार होता. अखंड मोटारीपेक्षा तिच्या तुकड्यांचे पैसे अधिक येतात, हा त्याचा साधा हिशेब.

मी ब्रॅकेट घेतला. जुनी वस्तू टाकून न देणे हा आपण संयम समजतो, काटकसर समजतो. त्या संयमाची किंमत आपल्याच पिढीची दुसरी, चालती वस्तू मोजते, हे मात्र हिशेबात धरलेले नसते. अशा खरेदीगणिक उरलेल्या मोटारी अधिक काळ चालतात आणि संख्येने कमी होतात. शेवटी एकच उरेल तेव्हा तिला इंपेलर बहुधा मिळेल. ब्रॅकेट मिळणार नाही.

या उन्हाळ्यात मोटार ठीक चालते आहे. तिच्या मागून पाण्याची बारीक धार सुटते. पंप काम करीत असल्याची ती खूण. तो इंपेलर नवा आहे. ब्रॅकेटवर मात्र दुसऱ्या कोणाच्या तरी होडीचे ओरखडे आहेत, आणि मी ते रंगवून झाकलेले नाहीत.