बाल्कनीतलं अंजीर, व्हाया लोहारा

बाल्कनीत काय लावायचं, याचं आपल्याकडे एक ठरलेलं पॅकेज असतं. तुळस कंपल्सरी. मग मनी प्लांट, एखादी जास्वंद आणि ऑफिसात वाढदिवसाला मिळालेलं ते बिचारं कॅक्टस. माझ्या वाकडच्या वन बीएचकेत मात्र अंजीर आहे. अर्ध्या कापलेल्या निळ्या प्लास्टिकच्या ड्रममध्ये, माझ्याहून उंच, पंजाएवढ्या खरखरीत पानांचं. घरी येणारा प्रत्येक जण विचारतो, 'ड्रायफ्रूटवालं अंजीर? ते इथे येतं?'

येतं की! पुण्यात राहून हा प्रश्न म्हणजे जरा जास्तच झालं. पुरंदरच्या अंजिराला २०१६ मध्ये जीआय टॅग मिळालाय. आपलं हे अंजीर ताजंच खायचं. दुकानात दोऱ्यात ओवलेलं सुकं अंजीर येतं ते बहुतेक अफगाणिस्तानातून, तो वेगळा मामला. पण माझं झाड सासवडचंही नाही. ते लोहाऱ्याचं आहे. लोहारा, जिल्हा धाराशिव. 'हे कुठे आलं?' या प्रश्नाची मला सवय आहे. किल्लारी म्हटलं की सगळ्यांना कळतं.

३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे भूकंप झाला तेव्हा मी तीन महिन्यांची होते आणि आईबरोबर तिच्या माहेरी, सोलापूरला होते. आमचं घर सास्तूर भागात. माळवदाचं. दगड-मातीच्या रुंद भिंती, वर मातीचा जाड थर. त्या पहाटे माणसं गेली ती याच भिंतींखाली. आमची आजी गेली. अण्णा आदल्या संध्याकाळी गणपती विसर्जन करून मित्रांबरोबर पटांगणातच आडवे झाले होते, म्हणून वाचले. आणि परसातलं अंजीर उभं राहिलं. आजीनं लावलेलं.

पुढे अण्णा लोहाऱ्याला राहायला आले तेव्हा सामानात एक ट्रंक, थोडी भांडी आणि ओल्या पोत्यात गुंडाळलेल्या अंजिराच्या चार काड्या होत्या. तीन वाळल्या, एक लागली.

अंजिराची ही गंमत लक्षात घ्या. बी पेरून झाड करता येतं, पण ते मूळ झाडासारखं निघेलच असं नाही. काडी लावली की मात्र तेच झाड. लेकरू नाही, तेच. सहा वर्षांपूर्वी अण्णांनी मला काडी दिली ती पेन्सिलएवढी जाड, वीतभर लांब, चार-पाच डोळ्यांची. कापल्यावर पांढरा चीक येतो, तो हाताला लागला की खाज सुटते. चीक सुकू द्यायचा, मग दोन डोळे वर ठेवून काडी मातीत खोचायची आणि महिनाभर सावलीत विसरून जायचं. मी कसली विसरते! पंधराव्या दिवशी फोन केला, 'अण्णा, दोन पानं आली!'

'येऊ दे. मुळ्या फुटल्याशिवाय हात लावू नको. पानं काय, काडीतल्या शिदोरीवर बी येतेत.'

हे शंभर टक्के खरं आहे. पानं आली म्हणून काडी उपटून बघणाऱ्यांची अंजिरं कधी जगत नाहीत.

तोपर्यंत अण्णांचा फोन म्हणजे 'जेवलीस का' आणि 'ठेवतो'. एका मिनिटात खलास. अंजीर आल्यापासून कॉल दहा-दहा मिनिटं चालायला लागले. माती किती, शेणखत किती, ऊन किती वाजेपर्यंत येतं. (निदान सहा तास ऊन हवंच, नाहीतर नुसती पानं पोसाल.) पावसाळ्यात पानांखाली तांबूस भुकटी दिसली, मी घाबरले. 'तांबेरा आहे. पडलेली पानं गोळा करून टाकून दे, कुंडीत कुजू देऊ नको.' पाण्याचा डोह नको, पण फळ भरताना आज कोरडं, उद्या बदाबदा असंही नको, फळं तडकतात. आमच्या मजल्याखालच्या काकांची पाणी गळण्याची तक्रार आल्यावर ड्रमखाली ट्रे आला. तो सल्लाही लोहाऱ्याहूनच.

पहिलं फळ तिसऱ्या वर्षी, मार्चमध्ये. एकच. ते पिकून मान टाकेपर्यंत झाडावरच ठेवायचं असतं, कच्चं तोडलं तर पुढे पिकत नाही. बुलबुलांना हे आपल्याआधी कळतं, म्हणून त्याला जुन्या ओढणीची पिशवी बांधली होती. ऑफिसात एकीनं विचारलं, 'आत किडे असतात ना गं?' ते उंबरात. आपलं अंजीर कुठल्याही किड्याच्या मदतीशिवाय धरतं. दोघं भाऊबंद मात्र आहेत, आणि दोघांचीही फुलं फळाच्या आतच असतात, म्हणून दिसत नाहीत. दिवाळीला घरी गेले की अण्णा शेजाऱ्यांना ऐकू जाईल असं म्हणतात, 'आलं बघा आमचं उंबराचं फूल!' मी हसते. टोमणा बरोबर लागतो.

यंदा अण्णांनी लोहाऱ्याचं घर विकायचं ठरवलं. आई तीन वर्षांपूर्वी गेली, अण्णांचे गुडघे ऐकत नाहीत, आणि 'एकटा किती दिवस भाकऱ्या थापू?' हे त्यांनी स्वतःच विचारलं. घेणारा रस्त्याच्या बाजूनं गाळे काढणार आहे. अंजीर नेमकं तिथेच. मी फोनवर काही बोलूच शकले नाही. तेच म्हणाले, 'तुझं झाड कसंय?'

'चांगलंय.'

'मग झालं की.'

झालं वगैरे काही नाही. चुलतभाऊ सांगतो, डिसेंबरात खरेदीखत आहे, तरी अण्णा रोज सकाळी बादली घेऊन झाडापाशी जातात. मध्ये आळंसुद्धा नवीन केलं.

पाऊस सरला, तशी मागच्या रविवारी मी छाटणी केली. फळं नव्या फुटीवर लागतात, त्यामुळे इथे माया करून चालत नाही, फांद्या चांगल्या आखूड करायच्या. सात काड्या निघाल्या. दोन ऑफिसातल्या मैत्रिणीला, एक खालच्या काकांना (हो, तेच), उरलेल्या माझ्याकडे. रात्री अण्णांचा फोन आला. पुण्याला येताना काय काय आणायचं याची यादी झाली आणि मग म्हणाले, 'माझ्यासाठी कुंडी वेगळी बघून ठेव. तुझ्या ड्रमला मी हात लावणार नाही. आणि बुडाला चार भोकं पाड. तुम्ही लोक एकच पाडता.'