लाकडाची जमीन

आमच्या घरात खाली शहाबादी फरशी आहे, मामंजींनी घर बांधलं तेव्हाची. उन्हाळ्यात तिच्यावर नुसतं आडवं व्हावं, एवढी गार. पण बेळगावचा पाऊस सुरू झाला की तीच वैरीण होते. सदा ओलसर, पाय टेकवला की झिणझिण्या. पन्नाशीनंतर माझ्या टाचा बोलायला लागल्या, तेव्हा मी मनाशी ठरवलं की हॉलमध्ये लाकडाची जमीन करून घ्यायची.

खरं सांगायचं तर टाचा हे निमित्त. माझं माहेर खानापूरकडचं. तिथं माडीवर फळ्यांची जमीन होती, चालताना करकरणारी. दुपारी सगळे झोपले की मी तिच्यावर पालथी पडून कादंबऱ्या वाचायची. तीस वर्षं संसारात भांड्यापासून पडद्यापर्यंत प्रत्येक गोष्ट कुणाच्या तरी सोयीनं घेतली. ही एक माझ्यासाठी म्हणून मागितली. हे म्हणाले, "कर की. मी कधी नाही म्हटलंय?" नाही म्हटलं नव्हतं, हे खरं. मी कधी मागितलंच नव्हतं, हेही खरं.

नाही म्हटलं ते आत्तींनी. ठेकेदार हॉल मोजायला आला आणि सहज बोलून गेला, की खालचा मजला आहे, आधी भिंतीच्या कडेनं भोकं पाडून वाळवीचं औषध सोडावं लागेल. आत्ती जपमाळ बाजूला ठेवून उठल्या. "वाळवी लागलीय का अजून? नाही ना? मग नसलेला अपराध धरून आधीच मारायचं? हे कसलं करायलीस गं?" मला उत्तर सुचेना. रात्री दिवा लावला तर किडा येईल म्हणून सूर्य मावळायच्या आत जेवणारं आमचं घर, आणि मी पायाला ऊब हवी म्हणून जमिनीत विष ओतणार. दोन दिवस मी आत्तींशी धड बोलले नाही. राग त्यांचा नव्हता. त्या बरोबर आहेत याचा होता.

मग विचारपूस केली. आपल्याकडची वाळवी मुख्यतः मातीतून वर येते. माडीवरच्या खोलीत, स्लॅबवर, तो धोका बराच कमी. शिवाय काही लाकडांचा गाभाच असा कठीण नि कडू की वाळवी त्याच्या वाटेला फारशी जात नाही. म्हणून हॉल सोडला आणि वरची बारा बाय चौदाची खोली धरली. औषध नाही. आत्ती म्हणाल्या, "वर मी कुठं चढून येतेय बघायला?" तो होकार समजायचा.

लाकडाच्या वखारीत मालकानं चार तुकडे पुढे ठेवले. बर्मा टीक आपल्या ओळखीचं, पण ब्रह्मदेशानं 2014 साली ओंडक्यांची निर्यात बंद केल्यापासून किंमत विचारायची सोय नाही. मेरबाऊ इंडोनेशियाकडचं, ओलं झालं की लालसर डाग सोडतं. ईपे दगडासारखं, पण त्याच्या व्यापारावर आता आंतरराष्ट्रीय निर्बंध आहेत. 2022 मध्ये ठरले, 2024 च्या नोव्हेंबरपासून लागू झाले. चौथं जाटोबा, ब्राझीलचं. ब्राझिलियन चेरी म्हणतात, पण चेरीचा नि त्याचा संबंध नाही. चिंचेच्या कुळातलं झाड ते. कठीणपणा सागाच्या दुपटीहून जास्त. रंग तांब्याचा. मी तो तुकडा हातात धरला तो खाली ठेवलाच नाही.

जंगल कुठलं, तोड कशी झाली, याचे कागद मी मागितले. मालकानं दाखवले. तरी मनात एक कुसळ राहिलंच. दांडेलीचं सागवान हाकेच्या अंतरावर असताना मी सातासमुद्रापलीकडचं झाड पायाखाली घेतलं. का? रंग आवडला. याहून चांगलं उत्तर माझ्याजवळ नाही.

मिस्त्री मात्र गुणी भेटला. फळ्या आल्या त्या दिवशी कामाला हातच लावला नाही. "वैनी, पंधरा दिवस खोलीत पडू दे. इथल्या हवेची सवय होऊ दे." जुन्या फरशीवर प्लास्टिकचा तुकडा चारी बाजूंनी चिकटवून ठेवला, खाली दव धरतं का बघायला. मग प्लायवुड, त्यावर फळ्या. जाटोबात खिळा सरळ जातच नाही, आधी ड्रिलनं भोक पाडावं लागतं. जमीन इंचभर उंच झाली म्हणून दार खालून कापलं. उंबऱ्याचा आणि जमिनीचा हिशेब काही केल्या बसेना, त्यात एक अख्खा दिवस गेला.

भिंतीच्या कडेनं त्यानं अर्धा इंच फट सोडली होती. वरून पट्टी येणार होती, पण एका भिंतीला पट्टी नीट झाकेना. मला ते दात पडल्यासारखं दिसायचं. मिस्त्री गेल्यावर रंगाऱ्याला म्हटलं, भरून टाक रे. त्यानं छान भरलं.

श्रावणात जमीन मधोमध फुगली. पाय ठेवला की पोकळ आवाज. मिस्त्री आला, कडेला वाकून बघितलं, मग माझ्याकडे बघितलं. "पावसात लाकूड आडवं वाढतंय वैनी. त्याला जागा ठेवली होती मी." मी रंगाऱ्याचं नाव सांगणार होते, आत्ती खालून ऐकत असतील म्हणून खरं सांगून टाकलं. त्यानं पट्ट्या काढल्या, भरलेलं सगळं पटाशीनं कोरून काढलं. दिवाळीपर्यंत जमीन आपोआप बसली. पूर्ण नाही. एका जागी अजून किंचित उंचवटा आहे, तो मला झाडताना कळतो. (केरसुणी मऊ लागते आणि पोतेरं घट्ट पिळून फिरवायचं, बादलीभर पाणी ओतून धुणं नाही. आत्तींना हे एकच पटलं: पाणी कमी, जीव कमी.)

आणि हो, आत्ती वर आल्या. आषाढातच. खाली सामायिकाला बसलं की गुडघे धरायचे. एके दिवशी कठडा धरून, थांबत थांबत चढल्या. खिडकीपाशी चटई टाकून बसल्या. उठताना म्हणाल्या, "ऊब आहे." बाकी काही नाही. चातुर्मासभर रोज.

कार्तिकात मी चटई झटकायला उचलली, तर खाली फिकट चौकोन. जाटोबा उजेडानं गडद होत जातं, हे मला मिस्त्रीनं सांगितलं होतं, मीच विसरले होते. सगळी खोली मधासारखी लालतांबडी आणि आत्तींच्या बसण्याएवढा तुकडा कोवळा. आता दर पंधरवड्याला मी चटई हातभर सरकवते. आत्ती कुरकुरतात, "लाकडासाठी मी माझी जागा बदलायची होय?" आणि मी खाली गेले की चटई परत जुन्या जागी ओढतात.