दिलेले आहे, काढायचे आहे

स्मरणिकेसाठी शाळेच्या आठवणी लिहून पाठवाव्यात, असा संस्थेचा निरोप आला. वसतिगृह, पहाटेची वंदना, पंगतीतली भाकरी यांविषयी इतर माजी विद्यार्थी माझ्याहून सरस लिहितील. मी लिहिणार आहे नववीच्या विज्ञानाच्या वहीत लागलेल्या एका सवयीविषयी. पुढे भौतिकशास्त्राचा शिक्षक म्हणून माझी उपजीविका तिच्यावरच चालली.

आम्हां बहुतेकांच्या घरी अभ्यासातले काही विचारावे असे कोणी नव्हते. ‘विज्ञान तुमच्यासारख्यांना झेपायचे नाही’ हे आधीच्या शाळेत ऐकून आलेलेही काही होतो. त्यामुळे उदाहरणात दोन आकडे दिसले की ते गुणायचे, नाहीतर भागायचे, आणि सरांच्या चेहऱ्याकडे पाहायचे, अशी वर्गाची रीत होती. सरांनी चेहऱ्यावरून उत्तर मिळू दिले नाही. फळ्याच्या मधोमध उभी रेघ ओढून ते डावीकडे ‘दिलेले आहे’ आणि उजवीकडे ‘काढायचे आहे’ असे लिहीत.

एक उदाहरण अजून जसेच्या तसे आठवते. ताशी ५४ किलोमीटर वेगाने जाणारी एस.टी. ब्रेक लावल्यावर ३ सेकंदांत थांबते. त्वरण एकसमान धरून ते किती, आणि थांबेपर्यंत गाडी किती अंतर कापेल?

“यात आकडे किती दिले आहेत?” सरांनी विचारले. वर्ग म्हणाला, दोन. “तीन आहेत. नीट वाचा.”

तिसरा आकडा ‘थांबते’ या शब्दात होता: अंतिम वेग शून्य. दगड ‘सोडला’ म्हटले तर सुरुवातीचा वेग शून्य, ‘फेकला’ म्हटले तर नाही. वर फेकलेला दगड सर्वांत उंच बिंदूवर पोचतो तेव्हा वेग शून्य होतो, त्वरण मात्र होत नाही. इतक्या वर्षांच्या अध्यापनानंतर माझे मत असे झाले आहे की, अनेक मुले गणितात अडत नाहीत, वाचण्यात अडतात. आणि वाचणे शिकवता येते.

मग एकके. ताशी ५४ किलोमीटर म्हणजे ५४ गुणिले १०००, भागिले ३६००. सेकंदाला १५ मीटर. ही पायरी गाळली तर अंतर ८१ येते, आणि गंमत अशी की ८१ मीटर हे ऐकायला मुळीच खोटे वाटत नाही. चूक पकडते ती एककांची ओळच. पुढचे काम थोडक्यात होते. अंतिम वेगातून सुरुवातीचा वेग वजा करून वेळेने भागले की त्वरण सेकंदवर्गाला उणे ५ मीटर. ते उणे चिन्ह कोणी खोडू लागले की सर हात धरत. वेग कमी होतो आहे, हे सांगणारे वहीत तेवढेच होते. अंतर २२.५ मीटर. पडताळा दुसऱ्या वाटेने: सरासरी वेग ७.५, वेळ ३ सेकंद, गुणाकार तोच. रात्री अभ्यासिकेत सर नसत, पण पडताळा असे. उत्तर बरोबर आहे की नाही हे कोणालाही न विचारता कळते, याचे अप्रूप घरी विचारायला कोणी असलेल्यांना कदाचित वाटणार नाही.

बोर्डाच्या परीक्षेत पायऱ्यांनाही गुण असतात, म्हणून आता मुले पायऱ्या पाठ करतात. शिकवणीत झटपट सूत्रे मिळतात. वेळ वाचतो खरा. पण उदाहरणातला एक शब्द बदलला की मूल पुन्हा आपल्या चेहऱ्याकडे पाहू लागते.

गेल्या वर्षी हेच उदाहरण वर्गात दिले. एका मुलीचे वडील एस.टी.चे चालक आहेत. तिने विचारले, “सर, समोर काही दिसल्यापासून ब्रेकवर पाय जाईपर्यंतचा वेळ यात कुठे धरला आहे?” धरलेला नव्हता. तो आम्ही १ सेकंद मानला. तेवढ्यात गाडी आणखी १५ मीटर गेली, एकूण ३७.५. तिने डाव्या रकान्यात ‘दिलेले आहे’च्या खाली स्वतःची एक ओळ घातली, ‘आपण मानलेले’, आणि दीड सेकंद धरून पुन्हा मांडणी सुरू केली.