एका टाकीतला ऊस

सोलापूरहून सिकंदराबादला मोटारीने जाणाऱ्याला पेट्रोल तीन भाषांत मागता आलं पाहिजे. उमरग्यापर्यंत "कितीचं टाकू?", हुमनाबादच्या आसपास "एष्ट हाकली री?", आणि जहीराबाद ओलांडलं की दखनी हिंदीत "कितने का?" आमच्या घरात अप्पांशी मराठी आणि अव्वाशी कन्नड बोललं जातं, त्यामुळे पहिल्या दोन पंपांवर आम्ही घरचेच असतो. टाकी कुठे भरायची हेही ठरलेलं आहे. हुमनाबादला काच खाली करायची आणि "फुल माडरी" म्हणायचं. तेलंगणात पेट्रोलवर ३५.२ टक्के व्हॅट आहे. जून २०२४ मध्ये कर्नाटकाने आपला कर २५.९२ वरून २९.८४ टक्क्यांवर नेला, तरी त्या वाढीनंतर बेंगळूरूत लिटर १०३ रुपयांच्या आत आणि हैदराबादेत १०७ च्या वर होतं. सीमाभागातल्या माणसाला हे कुणी शिकवावं लागत नाही. लग्नाचा बस्ता कुठे स्वस्त आणि पेट्रोल कुठे, दोन्ही त्याला पाठ असतं.

सिकंदराबादेत माझी अक्का असते, मारेडपल्लीत. दाजींचं घराणं मूळचं सोलापूरचं. सोलापूर विभाग १९६६ ते १९७७ या काळात दक्षिण मध्य रेल्वेत होता आणि त्या रेल्वेचं मुख्यालय सिकंदराबादला. दाजींचे वडील त्या दिवसांत तिकडे बदलून गेले ते तिकडचेच झाले. गेली दोन वर्षं अव्वाही अक्काकडे आहे, कारण तिला आठवड्यातून दोनदा डायलिसिसला न्यावं लागतं. नेणारी गाडी म्हणजे अक्काची २०११ ची छोटी पेट्रोल गाडी. त्यामुळे या गाडीत कोणतं पेट्रोल घालावं, हा आमच्याकडे हौसेचा प्रश्न राहिलेला नाही.

गेल्या वर्षी, २०२५ च्या पावसाळ्यात, तो एकदम ऐरणीवर आला. अव्वा पंचवीस दिवस रुग्णालयात दाखल होती आणि गाडी इमारतीच्या तळघरात उभी. ती घरी आल्यावर पहिल्याच डायलिसिसच्या सकाळी गाडी सुरू होईना. रिक्षा करून वेळ निभावली, पण पाऊण तास उशीर झाला. दाजींनी ओळखीच्या राणीगंजमधल्या मेकॅनिकला बोलावलं. त्याने पेट्रोलची रबरी नळी दाबून दाखवली, ती मऊ पडली होती आणि फिल्टर गाळाने भरला होता. "इथेनॉल, साब," एवढंच तो म्हणाला. दाजींनी त्या दिवशी दोन निर्णय जाहीर केले. एकतर गाडी विकायची, नाहीतर यापुढे तिला शंभर ऑक्टेनचंच पेट्रोल पाजायचं.

मी अर्थशास्त्र शिकवतो, इंजिन नव्हे. पण आईचा प्रश्न होता, म्हणून बसून वाचलं. जे कळलं ते इथे सांगतो, कारण जुनी गाडी आपल्यापैकी बऱ्याच घरांत आहे.

ऑक्टेनचा आकडा म्हणजे पेट्रोलची ताकद, असा आपला समज असतो. तसं नाही. इंजिनात पेट्रोलची वाफ आणि हवा दाबली जाते आणि मग ठिणगी पडते. दाब फार झाला तर मिश्रण ठिणगीची वाट न पाहता भलत्या वेळी पेटतं आणि इंजिन ठोकायला लागतं. चढावर जुन्या गाड्यांची खटखट आपण ऐकलेली आहे. ऑक्टेन जितका जास्त, तितकं पेट्रोल हा दाब धीराने सोसतं, बस्स. ज्या इंजिनात दाबच बेताचा, त्याला शंभर ऑक्टेन देणं म्हणजे वरणभात खाणाऱ्याला रोज पंचपक्वान्नाचं ताट वाढण्यासारखं आहे. इंडियन ऑइलने डिसेंबर २०२० मध्ये शंभर ऑक्टेनचं पेट्रोल आणलं तेव्हा दिल्लीत त्याचा दर लिटरला १६० रुपये होता. ते महागड्या, जास्त दाबाच्या इंजिनांसाठी आहे. अक्काच्या गाडीच्या पुस्तिकेत ९१ किंवा अधिक, एवढंच लिहिलं आहे.

हा ऑक्टेन वाढवण्यासाठी एके काळी पेट्रोलमध्ये शिसं घालत. अमेरिकेत थॉमस मिजली यांनी १९२१ मध्ये तो गुण शोधला आणि पुढे अनेक दशकं जगभरच्या मुलांच्या फुप्फुसांत ते शिसं गेलं. आपल्या देशात ते १ फेब्रुवारी २००० पासून पूर्ण बंद झालं. आज ऑक्टेन वाढवण्याचं काम इथेनॉलही करतं. त्याचा स्वतःचा ऑक्टेन १०८ च्या आसपास असल्याने वीस टक्के इथेनॉल मिसळलेलं ई-२० सुमारे ९५ पर्यंत जातं, असं पेट्रोलियम मंत्रालयाने ऑगस्ट २०२५ मध्ये सांगितलं. म्हणजे पंपावर साध्या नळीतून येणारं पेट्रोलच अक्काच्या गाडीच्या गरजेपेक्षा वरचं आहे. प्रीमियममध्ये इंजिन स्वच्छ ठेवणारी रसायनं असतात, ती चांगलीच. पण प्रीमियम नाव आहे म्हणून ते इथेनॉलमुक्त असतंच, असं धरून चालू नये.

मग दाजींची तक्रार खोटी का? मुळीच नाही. इथेनॉलमध्ये पेट्रोलपेक्षा सुमारे एक तृतीयांश कमी ऊर्जा असते. शून्य इथेनॉलसाठी बांधलेल्या आणि दहा टक्क्यांसाठी जुळवलेल्या चारचाकीचं ॲव्हरेज ई-२० वर सहा ते सात टक्क्यांनी घटेल, असं नीती आयोगाच्या २०२१ च्या अहवालातच म्हटलं आहे. शिवाय इथेनॉल हवेतलं पाणी ओढून घेतं, टाकीतला जुना गाळ सुटा करतं आणि जुन्या धर्तीच्या रबराला ते मानवत नाही. एप्रिल २०२३ नंतरच्या गाड्यांत त्याला टिकतील असे भाग आहेत, त्याआधीच्यांचं ज्याने त्याने पाहायचं. इथेनॉल नसलेलं पेट्रोलही पंपावर मिळावं, ही याचिका सर्वोच्च न्यायालयाने १ सप्टेंबर २०२५ रोजी फेटाळली. मला विचाराल तर पाटीवर टक्केवारी लिहिण्यात कुणाचं काही बिघडलं नसतं. मात्र ती नळी चौदा वर्षांची होती हेही खरं. ती इथेनॉलने गेली की वयाने, हे तो मेकॅनिकही शपथेवर सांगू शकणार नाही.

हे सगळं फोनवर चाललेलं असताना माझा धाकटा भाऊ, घरात त्याला आम्ही तम्मा म्हणतो, अक्कलकोटच्या शेतातून मध्ये पडला. तम्माचा ऊस कारखान्याला जातो. "दाजी, तुमच्या टाकीत माझा ऊस आहे," तो म्हणाला, आणि ते अक्षरशः खरं आहे. एक टन उसापासून थेट सुमारे सत्तर लिटर इथेनॉल निघतं. चाळीस लिटरच्या टाकीत आठ लिटर इथेनॉल, म्हणजे सुमारे ११५ किलो ऊस. इथेनॉलमुळे कारखान्यांच्या हाती रोख पैसा लवकर येतो आणि थकलेली बिलं निघतात, हे तम्माने भोगून पाहिलं आहे. ७ डिसेंबर २०२३ ला केंद्राने उसाच्या रसापासून इथेनॉल करण्यावर बंधन घातलं, तेव्हा त्याचा चेहरा मी पाहिला होता. त्यानंतर मका आणि इतर धान्याचा वाटा वाढला, त्यामुळे टाकीतला सगळाच गोडवा आता उसाचा नाही.

पण हिशेब तिथे थांबत नाही. एक लिटर इथेनॉलला उसाच्या मार्गाने सुमारे २,८६० लिटर पाणी लागतं, हाही आकडा नीती आयोगाचाच. आठ लिटरला जवळजवळ तेवीस हजार लिटर, म्हणजे उन्हाळ्यात गावात येणारे दोन मोठे टँकर. मी हे तम्माला सांगितलं तेव्हा तो बराच वेळ गप्प होता. मग म्हणाला, "अण्णा, दुसरं काय लावू ते सांग. त्याचाही भाव सांग." याचं उत्तर माझ्या एम. ए. च्या कुठल्याच पेपरात नव्हतं.

अक्काने मात्र वाद ऐकून घेतला आणि कामाचं तेवढं उचललं. रबरी नळ्या आणि गॅस्केट नव्या धर्तीचे बसवून घेतले, फिल्टर बदलला. पेट्रोल साधंच, पण जिथे गर्दी असते आणि माल शिळा होत नाही अशा एकाच पंपावर. पावसाळ्यात टाकी रिकामी ठेवत नाही, आणि गाडी आठ दिवसांपेक्षा जास्त उभी राहणार असेल तर दाजींनी एक चक्कर मारून आणायची. शंका आली तर ती पंपावर फिल्टर पेपर मागते. तो ग्राहकाचा हक्क आहे. पेट्रोलचा थेंब कागदावर टाकायचा, दोनेक मिनिटांत डाग न ठेवता उडाला तर ठीक. माप कमी वाटलं तर पाच लिटरचं प्रमाणित माप भरून दाखवायला सांगायचं. त्यात पंचवीस मिलिलिटरपर्यंतचा फरक चालतो. पंपावरची मुलं आधी कुरकुरली, आता तिला पाहिलं की स्वतःच माप पुढे करतात.

गाडी विकायचं तूर्त रहित झालं आहे. अक्का एका वहीत प्रत्येक वेळचे लिटर आणि किलोमीटर लिहिते. पूर्वी पंधरा मिळत, आता चौदा. संक्रांतीला तम्मा गुळाची ढेप घेऊन गेला तेव्हा दाजींनी ती वही त्याच्यापुढे उघडून ठेवली. तम्माने पान उलटून पाहिलं आणि म्हणाला, "टायरमधली हवा बघितली का?" आतल्या खोलीतून अव्वा ओरडली, "साकु माडरी, मंगळवारी मला वेळेवर पोचवा म्हणजे झालं."